पिळ्ळैयारचे कार्ड

आमच्या दवाखान्यांच्या यादीतला पहिला पेशंट कधीच आजारी पडला नाही. केंद्र क्रमांक एक, कार्ड क्रमांक एक. नाव विनायगम, वडिलांचे नाव परमशिवम, वयाचा रकाना रिकामा. अंबत्तूरला पहिले केंद्र उघडले तेव्हा संस्थेच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, हे कार्ड स्वतःच्या हाताने लिहिले होते. इकडचा तमिळ माणूस कोरा कागद समोर घेतला की माथ्यावर पिळ्ळैयारची, म्हणजे आपल्या गणपतीची, छोटीशी खूण काढतो आणि मगच लिहू लागतो. त्याच रीतीने पहिले कार्ड पिळ्ळैयारचे. पुढे सगळ्या नोंदी संगणकावर आल्या तेव्हा कोणीतरी थट्टेने त्याच्या ॲलर्जीच्या चौकटीत 'चंद्र' असे भरले. गणेश चतुर्थीला चंद्र का पाहू नये हे ठाऊक असणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून हसू येई. मलाही येत असे.

संपादकांनी माझ्याकडे कामातले गमतीचे अनुभव मागितले आहेत. एकोणीस वर्षे एकाच धर्मादाय संस्थेच्या नऊ दवाखान्यांचे संगणक सांभाळल्यावर तसे अनुभव नाहीत असे म्हणता येणार नाही. अंकशास्त्रावर विश्वास असलेले एक गृहस्थ कार्डाच्या आकड्यांची बेरीज आठ येते म्हणून तीन वेळा कार्ड बदलून घ्यायला आले होते. चौथ्या वेळी बेरीज पाच आली, तेव्हा त्यांचा ताप उतरला होता आणि डॉक्टरांना न भेटताच ते समाधानाने घरी गेले. परंतु गेली तीन वर्षे या कामाबद्दल लिहायचे मनात आले की एकच सकाळ पुढे येऊन उभी राहते. ती सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही असे वाटते.

माझे काम बाहेरच्या माणसाला समजावणे फारसे अवघड नाही. शाळेचा हजेरीपट आठवावा. प्रत्येक इयत्तेत तिसरा क्रमांक असतोच. नुसते "तीन नंबरला बोलवा" म्हटले तर शिपायाने कोणाला आणायचे? इयत्ता आणि क्रमांक दोन्ही सांगितले तरच एक आणि एकच मूल उभे राहते. आमच्या प्रत्येक केंद्रात कार्डे एकपासून सुरू होतात, म्हणून पेशंट ओळखायला केंद्र आणि कार्ड असे दोन आकडे लागतात. दोन रकाने मिळून एक ओळख. धंद्यात हिला कंपोझिट की म्हणतात, मी या लेखापुरते जोडकिल्ली म्हणतो. तक्ता बांधताना ही जोडकिल्ली प्रोग्राममध्ये लिहून ठेवायची असते : किल्ली या दोन रकान्यांची, आणि त्यांचा क्रम हा. पुढे कोणाची माहिती काढायची झाली की दोन आकडे त्याच क्रमाने द्यायचे. यंत्र पहिला आकडा पहिल्या रकान्यात शोधते आणि दुसरा दुसऱ्यात. उलटे दिले तरी ते हरकत घेत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडेच. सातवीतला तिसरा मागावा आणि तिसरीतला सातवा समोर यावा, असा तो प्रकार होतो.

आमच्या तक्त्यांत आधी कार्ड आणि मग केंद्र असा क्रम होता. तो मीच पूर्वी घाईत लिहिला होता. एका शनिवारी दुपारी मला तो खुपला. एका केंद्राचे सगळे पेशंट काढायचे झाले की यंत्राला वेळ लागे. आधी केंद्र आणि मग कार्ड असा क्रम असता तर काम पटकन झाले असते आणि दिसायलाही ते नीटनेटके दिसले असते. कोणी मागणी केलेली नव्हती, मी कोणाला विचारलेही नाही. क्रम बदलला, सगळ्या पडद्यांमागचे शोध एकेक करून सुधारले, आणि मग आमच्या रिवाजाप्रमाणे पिळ्ळैयारचे कार्ड उघडून पाहिले. केंद्र एक, कार्ड एक. नाव आले, औषधे आली, ॲलर्जीच्या चौकटीत 'चंद्र' आला. मी संगणक बंद करून घरी गेलो आणि बायकोला म्हणालो की आज मनासारखे काम झाले.

अकराव्या दिवशी, बुधवारी सकाळी, कोवलमच्या केंद्रातून जयंती सिस्टरांचा फोन आला. शहराजवळच्या, समुद्रकाठच्या त्या गावात आमचे सातवे केंद्र आहे. जयंती सिस्टर तिथे पहिल्या दिवसापासून आहेत आणि पेशंटची माहिती भरण्याचे कामही त्याच करतात.

"सार, सेल्वी अम्मांच्या चौकटीत सल्फा दिसतंय. त्या इथे भांडतायत."

सेल्वी अम्मा मासळी विकतात. त्यांचे कार्ड तिसरे, म्हणजे केंद्र उघडले त्याच दिवसाचे. फोनमधून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. "मला सुईचं औषध चालत नाही, पेनिसिलिन! सल्फाच्या गोळ्या मी पोराबाळांच्या आधीपासून गिळतेय. दुसऱ्याचं पुरळ माझ्या अंगावर का चिकटवता?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. "सिस्टर," मी म्हणालो, "भरताना चूक झाली असेल. तुम्हीच भरलंय ना? बघा जरा."

"मीच भरलंय सार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बघते."

फोन ठेवल्यावर मी समोरच्या कागदावर सहज आकडे लिहिले. केंद्र सात, कार्ड तीन. मग काही कारण नसताना उलटे लिहिले. केंद्र तीन, कार्ड सात. तो पेशंट थेट तक्त्यात उघडला. तिसऱ्या केंद्रातले एक निवृत्त टर्नर. ॲलर्जी : सल्फा.

डॉक्टरांच्या पडद्यावरचा ॲलर्जीचा शोध सुधारायचा माझ्याकडून राहून गेला होता. तो अजून जुन्याच क्रमाने आकडे देत होता. पिळ्ळैयारच्या कार्डावर हे कळणे शक्यच नव्हते. एक-एक उलटे केले तरी एक-एकच राहते.

पहिली काही मिनिटे मला एवढीच भीती वाटली की आपली चूक उघडी पडणार. केंद्रे नऊच, तेव्हा उलटा शोध दुसऱ्या कोणाला तरी गाठणार तो ज्यांचे कार्ड नऊपर्यंतचे आहे त्यांच्यापुरताच. अशी जुनी कार्डे थोडी, त्यातली बरीच बंद पडलेली. मी मनात त्यांची गणती करत होतो आणि मला बरे वाटू लागले होते. तेवढ्यात प्रश्न पडला, की मग बाकीच्यांचे काय होत असेल? चौथ्या केंद्रातले दोन हजार दोनशे सोळावे कार्ड मागितले तर यंत्र दोन हजार दोनशे सोळाव्या केंद्रातले चौथे कार्ड शोधणार. असे केंद्रच नाही. यंत्राला काही सापडणार नाही. आणि काही सापडले नाही तर पडद्यावर काय दाखवायचे, हे फार पूर्वी मीच ठरवले होते. डॉक्टर म्हणाले होते की रिकामी चौकट बरी दिसत नाही. ज्याला ॲलर्जी नसते त्याची त्या तक्त्यात नोंदच नसते, तेव्हा नोंद सापडली नाही की मी तिथे एक शब्द लिहायला सांगितले होते : 'नाही'.

अकरा दिवस, नऊ केंद्रांत, जवळजवळ प्रत्येक पेशंटपुढे डॉक्टरांना दिसत होते, ॲलर्जी : नाही. सेल्वी अम्मांच्या चौकटीत चुकीचे काही आले म्हणून त्या भांडल्या. इतरांच्या चौकटीत चूक शांतपणे बसली होती, आणि ती अगदी खऱ्यासारखी दिसत होती.

त्या क्षणी मी सर्व केंद्रांना फोन करायला हवा होता. मी केला नाही. आधी दार लावून तो एक शोध सुधारला, पुन्हा तपासला. मला वाटते वीस मिनिटे गेली. त्या वीस मिनिटांत नऊ दवाखान्यांत किती जणांना चिठ्ठ्या लिहून दिल्या गेल्या असतील, हा हिशेब मी अनेकदा करायला बसलो आणि उठलो.

दार उघडले ते रुक्मिणी अक्कांनी. अक्का आमच्या मुख्य औषधालयाच्या प्रमुख. तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. वयाने माझ्याहून मोठ्या असूनही मला अण्णा म्हणतात. त्यांचे मराठी जुन्या वळणाचे आहे आणि त्यात तमिळ असे मिसळलेले की सांधा दिसत नाही.

"अण्णा, दार का लावून बसलात? कोवलमची जयंती फोनवर रडते आहे. तिकडच्या डॉक्टरांनी पेशंटांसमोर तिला बोल लावला म्हणे."

मी त्यांना सगळे सांगितले. त्या ओरडल्या नाहीत. पदर खोचून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, माझ्याच फोनवरून एकेका केंद्राला सांगू लागल्या : "पडद्यावर काय दिसतं ते बघू नका. प्रत्येकाला तोंडाने विचारा. आत्तापासून." नवव्या केंद्राचा फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "आता ज्यांना औषध देऊन झालं त्यांचं बोला."

मी शोध लिहिला. पेशंट, ॲलर्जी आणि दिलेली औषधे असे तीन तक्ते जोडायचे होते. दोन्ही रकाने, योग्य क्रमाने. प्रत्येक ओळ बोट ठेवून तीन वेळा वाचली. ज्याला जे चालत नाही तेच औषध अकरा दिवसांत दिले गेले असे सगळे पेशंट. उत्तर आले : शून्य.

"देवा, सुटलो," असे मी मोठ्याने म्हणालो.

अक्का पडद्याकडे पाहत राहिल्या. "शून्य कसं येईल? तुम्ही काय शोधलंत?"

"ॲलर्जीत पेनिसिलिन, आणि दिलेलं औषधही पेनिसिलिन."

"अय्यो अण्णा, पेनिसिलिन या नावानं गोळी आता देतं कोण? अमॉक्सिसिलिन घाला. त्याच जातीचं औषध आहे ते. थांबा, मी नावं सांगते, तुम्ही टाइप करा."

म्हणजे माझ्या हाताने त्याच सकाळी दुसरे 'नाही' लिहिले होते, आणि मी त्यावर विश्वासही ठेवला होता. अक्का नावे सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. या वेळी तीन ओळी आल्या.

पहिल्या दोघांना फोन लागला. एका बाईंनी चिठ्ठी वाचूनच औषध परत केले होते. दुसऱ्या गृहस्थांनी दोन गोळ्या घेतल्या होत्या, अंगाला खाज सुटली म्हणून थांबवल्या होत्या. अक्कांनी त्यांना तिथल्या तिथे केंद्रात जाऊन बसायला सांगितले. तिसरी ओळ आवडी या गावातल्या केंद्राची. केंद्र चार, कार्ड दोन हजार दोनशे सोळा. दामोदरन, वय एकाहत्तर. ॲलर्जीच्या रकान्यात जयंती सिस्टरांसारख्याच कोणा काळजीवाहू हाताने लिहिले होते : पेनिसिलिन, पूर्वी घसा सुजून श्वास अडकला होता. गोळ्या परवा दिल्या होत्या. फोन वाजत होता आणि कोणी उचलत नव्हते.

अंबत्तूरच्या आमच्या कार्यालयापासून आवडी काही लांब नाही. आम्ही रिक्षा केली. अक्कांच्या मांडीवर औषधाची पेटी होती. त्या दर दोन मिनिटांनी फोन लावत होत्या. पाचव्यांदा फोन पलीकडून कापला गेला.

"कापला!" अक्का म्हणाल्या. "म्हणजे कोणीतरी जिवंत आहे."

"ते की दुसरं कोणी?" मी विचारले. त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "अण्णा, थोडं वेगानं."

त्या रस्त्यावर माझ्या मनात आलेले सर्व काही मी इथे लिहू शकत नाही. एक मात्र लिहितो. माझ्या मनात असाही विचार आला, की त्यांना काही झाले असेल तर वयाचे कारण पुढे करता येईल. तो विचार मी केला. मीच केला.

घर सरकारी वसाहतीच्या मागच्या गल्लीत होते. दारात कोलम, म्हणजे रांगोळी, ओली होती. दार उघडे. आत स्वयंपाकघरातून फोडणीचा वास. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हते. टेबलावर पाण्याचा पेला आणि त्याच्याजवळ गोळ्यांचे पाकीट. त्यातला एक खळगा फाटलेला. अक्कांनी हाक मारली, "सार! दामोदरन सार!"

"कोण?" आतून पुरुषाचा आवाज आला. मागोमाग पंच्याने हात पुसत एक उंच, वाळकुडे गृहस्थ बाहेर आले. "कर्ज नको आहे म्हणून तुम्हा कर्जवाल्यांचा फोन कितीदा कापायचा? आता घरी पण?"

"गोळी घेतलीत?" अक्कांनी विचारले.

"जेवण झाल्यावर घ्यायची आहे. काढून ठेवलीय." त्यांनी पेल्यामागून स्टीलचे झाकण पुढे सरकवले. त्यात एक गोळी होती.

"परवा दिली, अजून घेतली कशी नाही?"

त्यांच्या पत्नी दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "परवा अष्टमी, काल नवमी. यांनी जन्मात अष्टमी-नवमीला काही नवीन सुरू केलेलं नाही. मी म्हटलं, दुखतंय तर घ्या. ऐकतात कुठे!"

इतकी वर्षे या शहरात राहून मी ज्या अष्टमी-नवमीला मनातल्या मनात हसत आलो, तिने माझ्या हातून निसटलेला माणूस दोन दिवस धरून ठेवला होता.

अक्कांनी ती गोळी आणि पाकीट उचलले, पेटीतून दुसरे औषध काढले. मग मराठीत, फक्त मला समजेल असे, म्हणाल्या, "पाकीट बदललं एवढंच सांगू का? निर्णय तुमचा, अण्णा."

मला ते हवे होते. फार हवे होते. पण अर्ध्या दिवसात मी जयंती सिस्टरांवर खोटा दोष टाकला होता, स्वतःशी खोटे बोललो होतो, आणि रिक्षात त्याहून वाईट काही रचून ठेवले होते. मी दामोदरन यांना माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळे सांगितले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "दर वेळी डॉक्टर पडदा बघून स्वतःच म्हणायचे, तुम्हाला पेनिसिलिन नाही हं. या वेळी काही म्हणाले नाहीत. मला वाटलं, हे वेगळं औषध असेल. मी विचारायला हवं होतं."

"नाही सार, चूक माझी."

"ती आहेच," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच सोसवत नव्हते. "मी चौतीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो. बदल केल्यावर तुम्ही तपासलंत कशावर?"

मी पिळ्ळैयारच्या कार्डाची गोष्ट सांगितली, चंद्रासकट. त्यांच्या पत्नी पदराआड हसल्या. ते हसले नाहीत.

"पिळ्ळैयारला काय होणार आहे?" ते म्हणाले. "आम्ही तपासणीच्या टोपलीत एक बाद तुकडा मुद्दाम टाकून ठेवायचो. तो बाजूला निघाला तर तपासणी खरी. तुम्ही तुमच्या टोपलीत सगळ्यांत निर्धोक तुकडा टाकलात." मग म्हणाले, "माझा नंबर लिहून घ्या. पुढच्या वेळी मला बघा. मला मरायची भीती वाटते, सार. असा माणूस तपासायला बरा."

परतल्यावर मी मोठ्या डॉक्टरांना लेखी कळवले. त्यांनी मला नोकरीवरून काढले नाही. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही. संध्याकाळी जयंती सिस्टरांना फोन करून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात तेव्हा मला खरंच वाटलं, सार. सकाळपासून जुन्या वह्या काढून बसले होते, की आणखी कोणाकोणाचं मी चुकीचं भरलंय." त्या करतात तसल्या कामामुळेच दामोदरन यांच्यासारखी माणसे इतकी वर्षे सुरक्षित होती. त्या दिवशी त्याच कामावरचा त्यांचा विश्वास मी काढून घेतला होता.

पडद्यावरचा 'नाही' आता गेला आहे. नोंद सापडली नाही तर चौकट तमिळमध्ये म्हणते, 'माहिती मिळाली नाही, पेशंटला विचारा.' डॉक्टर कुरकुर करतात की हे फार वेळा येते. येऊ दे. ज्याला खरोखर ॲलर्जी नाही त्याची तशी स्पष्ट नोंद आता सिस्टर विचारून करतात. जोडकिल्लीचे दोन आकडेही हल्ली नुसते क्रमाने देत नाही, प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या रकान्याचे नाव लिहितो. नवीन माणसाला हे वेळकाढू वाटते.

आणि कोणताही बदल केला, एका अक्षराचा का असेना, की मी चार आणि दोन हजार दोनशे सोळा हे आकडे घालतो. चौकट भरायला डोळ्याची पापणी लवेल इतकाही वेळ लागत नाही. तेवढ्यात मला आवडीचे ते टेबल दिसते, फाटलेला खळगा दिसतो, आणि झाकण दिसायच्या आतच 'पेनिसिलिन' ही लाल अक्षरे उमटतात. दामोदरन सार आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत.

ते पाकीट त्या दिवशी अक्कांनी माझ्या हातात दिले होते. नऊ गोळ्या पाकिटात, दहावी कागदाच्या पुडीत. माझ्या टेबलाच्या खणात ते तसेच आहे. त्याची मुदत केव्हाच संपली. मुदत संपलेले औषध इमारतीत कुठेही ठेवायचे नाही हा अक्कांचा नियम, आणि त्यापायी त्यांनी मोठ्या डॉक्टरांचीही गय केलेली नाही. दर वर्षी साठ्याची तपासणी असते तेव्हा त्या हातात यादी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतात. माझ्या खोलीत आल्या की खण उघडतात, पाकिटाकडे पाहतात, यादीवर खूण करतात आणि खण पुन्हा लावून घेतात.